संमती कोणी विचारायची?

आयर्लंडमधल्या दर दहा प्राथमिक शाळांपैकी जवळपास नऊ शाळा कॅथलिक चर्चच्या आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकार आखतं, शाळेवर अधिकार मात्र बिशपांचा. त्याच देशात २०२२च्या जनगणनेत ७ लाख ३६ हजार लोकांनी, म्हणजे १४ टक्के लोकांनी, आपल्याला कोणताही धर्म नाही असं नोंदवलं. त्यांच्या मुलांनी शिकायचं कुठे? १९७८मध्ये डब्लिनजवळ डॉकी इथे काही पालकांनी एकत्र येऊन सर्वधर्मीय शाळा काढली, तिच्यातून पुढे ‘एज्युकेट टुगेदर’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या शाळेत जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, किंवा गावात एकच शाळा असली, तर चर्चच्या शाळेला पर्याय नाही.

२०१८पर्यंत तर दारातच अडवणूक होती. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या की कॅथलिक शाळा बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घेत. निव्वळ प्रवेशासाठी बाळाचा बाप्तिस्मा उरकणारे पालक होते. श्रद्धेचाही तो अपमानच होता. २०१८च्या प्रवेश कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांतला हा अडसर काढला. डब्लिनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही, देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या, त्याचा फायदा झाला.

पण प्रवेश मिळाल्यानंतरचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि या आठवड्यात मला त्याच्याविषयीच लिहायचं आहे.

आयर्लंडच्या १९३७च्या राज्यघटनेने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क प्रत्येक मुलाला दिलेला आहे. १८३१मध्ये तिथली राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू झाली तेव्हाची कल्पनाही अशीच होती: इतर विषय सर्वांनी एकत्र शिकावेत, धर्म ज्याचा त्याने वेगळ्या वेळी. हळूहळू शाळा एकेका पंथाच्या झाल्या. मग १९७१च्या अभ्यासक्रमाने धर्म आणि इतर विषय एकमेकांत गुंफले. धर्माचा तास वेगळा असेल तर मुलाला त्या तासापुरतं बाहेर ठेवता येतं. तो दिवसभरात विखुरला असेल तर बाहेर ठेवायचं कशातून? दुसरीच्या वर्गात, सात-आठ वर्षांच्या मुलांची फर्स्ट होली कम्युनियनची तयारी वर्गातच चालते. ‘हक्क’ बजावणारं मूल तेव्हा बहुधा त्याच वर्गात मागे बसून चित्र रंगवतं. सगळं ऐकतं, आणि आपण यांच्यातले नाही हेही रोज शिकतं. या मुलांसाठी काय व्यवस्था केली आहे हे शाळेने प्रवेश-धोरणात लिहावं आणि त्यापायी त्यांचा शाळेचा दिवस कमी होऊ नये, असं २०१८चा कायदा सांगतो. त्या वेळात मुलाला दुसरं काही शिकवलंच पाहिजे, असं मात्र तो सांगत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. न बसण्याचा हक्क दिला, पण त्याचा भार मुलाच्या खांद्यावर टाकला.

आयर्लंडच्या घटनेतून आपण मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली. या एका बाबतीत मात्र आपली घटना तिच्या पुढे गेली आहे. अनुच्छेद २८(३) म्हणतो की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं असेल, तर त्याची संमती हवी. तो अज्ञान असेल तर पालकाची. आयर्लंडमध्ये पालकाने नकार कळवायचा, आपल्याकडे शाळेने आधी होकार मिळवायचा. आणि ‘सरकारमान्य’ या एका शब्दाने अनुदानित संस्थांपासून विनाअनुदानित कॉन्व्हेंटपर्यंत बहुतेक सगळ्या शाळा त्यात येतात. अल्पसंख्याक संस्था चालवण्याचा हक्क ३०व्या अनुच्छेदाने दिला आहे, पण त्याने ही संमती रद्द होत नाही.

मी आजवर पाहिलेल्या एकाही प्रवेशअर्जात या संमतीचा रकाना नव्हता. परिपाठात देवाची प्रार्थना होते, सरस्वतीपूजन होतं, कुठे रोज येशूची प्रार्थना होते आणि पालकांना कोणी विचारत नाही. अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’ या सरकारी वेतनप्रणालीतून निघतात, म्हणजे न मानणाऱ्या करदात्याच्याही पैशातून. आक्षेप घेतला तर उत्तर ठरलेलं असतं, ‘ही तर आपली संस्कृती आहे.’ बालभारतीत तुकोबांचा अभंग असणं ही संस्कृती आहे आणि तो माझ्या ओळखीच्या कुठल्याही नास्तिक घराला खुपत नाही. धर्मांविषयी शिकवायला हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००२मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केलं. पण मूर्तीपुढे उभं करून हात जोडायला लावणं ही उपासना आहे.

नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनवाढ अडवली गेली होती. अशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग आहे, असं २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने, सरकारी अर्जावर ‘धर्म नाही’ असं लिहिण्याचा हक्क मान्य केला. शिक्षकाला न्यायालयात जाता आलं. तिसरीतली मुलगी कुठे जाणार? तिचे आई-बाबाही बहुतेक गप्प बसतात, कारण तक्रार केली तर वर्गशिक्षिका मुलीशी कशी वागेल, ही धास्ती असते. ती धास्ती खरी आहे. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

या शाळा चर्चने, मिशनऱ्यांनी, आपल्याकडच्या संस्थांनी उभ्या केल्या, सरकार झोपलेलं होतं तेव्हा खेड्यापाड्यांत शिक्षण नेलं, हे मी मानतो आणि त्याबद्दल कृतज्ञही आहे. त्यांच्या प्रार्थना बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्यांना हव्यात त्यांनी त्या म्हणाव्यात.

शालेय शिक्षण विभागाने येत्या जूनच्या आत एक परिपत्रक काढावं. प्रवेशअर्जावर धर्मशिक्षण आणि उपासना यांच्या संमतीचा स्वतंत्र रकाना असावा. प्रार्थना परिपाठाच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवावी, म्हणजे मधेच कोणाला उठून जावं लागणार नाही. संमती नसलेल्या मुलांसाठी त्या वेळात दुसरी खोली, शिक्षक आणि खरा पाठ असावा. आणि रकाना रिकामा असेल, तर संमती नाही असंच धरावं.