गोळी वाटण्याआधी

मे २०२१मध्ये गोव्यात प्राणवायूअभावी रुग्ण दगावत होते. त्याच सुमारास आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले, की अठरा वर्षांवरील प्रत्येकाने, लागण झालेली असो वा नसो, आयव्हरमेक्टिनची १२ मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस घ्यावी. कोविडसाठी हे औषध केवळ चाचण्यांपुरते वापरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीसच बजावले होते. पण हाताशी काही नसताना स्वस्त, ओळखीची गोळी सरकारला सोयीची वाटते. निदान काहीतरी केल्यासारखे दिसते.

औषध टाकाऊ नव्हेच. कृमींवर ते इतके गुणकारी, की ते शोधणाऱ्यांना २०१५मध्ये नोबेल मिळाले. कोविडबाबतची आशा मात्र २०२०च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगातून वाढली. तिथे प्रयोगशाळेतल्या पेशींमधला विषाणू ४८ तासांत सुमारे पाच हजार पटींनी घटला. नेहमीच्या मात्रेने रक्तात तेवढे औषध पोहोचतच नाही, ही गोष्ट मथळ्यांत कशी मावणार? पुढे ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीत या गोळीचा उपयोग दिसला नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचीही तीच गत झाली.

म्हणून जुनी औषधे मोडीत काढायची का? मुळीच नाही. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २,१०४ रुग्णांना जुने, स्वस्त डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम दिले गेले, ४,३२१ जणांना नाही. कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. ते सोडतीने ठरत होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपैकी औषध न मिळालेले ४१.४ टक्के दगावले, मिळालेले २९.३ टक्के. हे औषध विषाणूला मारत नाही, फुप्फुसांवरच उलटलेला शरीराचा प्रतिकार शमवते. त्यामुळेच प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही.

निष्कर्षाचा हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे बासनातच राहिला. दुसऱ्या लाटेत साध्या तापालाही डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड लिहून दिले गेले. मग मधुमेहींमध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार बळावला आणि महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले.

‘रिकव्हरी’चा आराखडा तयार झाल्यापासून नऊ दिवसांत पहिला रुग्ण दाखल झाला. पुढे पावणेदोनशे रुग्णालये जोडली गेली. रुग्णसंख्या आपल्याकडे कमी नव्हती, पण असा मंजूर आराखडा तयार नव्हता. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तो आताच एकत्र बसून करावा, नीतिसमित्यांची संमती आगाऊ घ्यावी. आणि निकाल येईपर्यंत मंत्र्यांनी गोळ्यांची घोषणा करू नये.