कर्ज दिरांचं, मशीन तुमचं, मग जप्ती कशी?



आज मार्केटिंग नाही, पॅकेजिंग नाही. आजचा विषय थोडा कडू आहे: जप्ती. आणि तीही तुमच्या कर्जासाठी नाही, दुसऱ्याच्या कर्जासाठी.

समजा, दिरांच्या गाळ्यात तुम्ही मसाल्याचं युनिट टाकलंय. कांडप मशीन तुमचं, सीलिंग मशीन तुमचं, मिरचीची पोतीही तुमची. दिरांकडे मात्र एका व्यापाऱ्याचे पैसे अडकलेत आणि तो कोर्टातून निकाल घेऊन बसलाय. एक दिवस बेलीफ येतो. वॉरंटवर दिरांचं नाव, गाळ्याच्या पाटीवरही दिरांचंच नाव. तो यादी लिहायला घेतो. तुम्ही म्हणता, "अहो साहेब, हे माझं आहे!" तो म्हणतो, "ते कोर्टात सांगा."

ऐकायला उर्मट वाटतं ना? पण त्यानं तुम्हाला बरोबर रस्ता दाखवलाय. वस्तू कोणाची हे ठरवायचा अधिकार बेलीफाला नाही, कोर्टाला आहे. म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका, वस्तू ओढू नका. नाहीतर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि मूळ मुद्दा बाजूला राहील. घाबरून "आत्ता मी भरते, नंतर बघू" असंही करू नका. दुसऱ्याच्या कर्जाचे भरलेले पैसे परत मिळवणं हा वेगळाच त्रास आहे.

मग करायचं काय?

आधी आलेला माणूस कोण आहे ते बघा. ओळखपत्र मागा, वॉरंट वाचा. वॉरंटवर तारीख, सही, कोर्टाचा शिक्का आणि कोणत्या तारखेपर्यंत अंमलबजावणी करायची हे असतं. दरखास्त नंबर आणि कोर्टाचं नाव लिहून घ्या, फोटो काढू दिला तर काढा. वॉरंटच नसेल आणि तो फायनान्स कंपनीचा वसुली एजंट असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. दुसऱ्याच्या थकबाकीसाठी तुमच्या वस्तूला हात लावायचा त्याला काहीही अधिकार नाही. तिथे सरळ पोलिसांना बोलवा.

खरा बेलीफ असेल तर शांतपणे तुमची बिलं दाखवा. "ही वस्तू माझी आहे, माझी हरकत आहे" हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. काय काय नेलं त्या यादीची प्रत मागा. यादीत नुसतं 'एक मशीन' नको, कंपनी आणि सिरीयल नंबर असू दे. न वाचता सही करू नका.

आणि लगेच वकील गाठा. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 21, नियम 58 आहे. जप्त झालेली वस्तू कर्जदाराची नाही, माझी आहे, असा हरकत अर्ज त्याच कोर्टात करता येतो जिथून जप्ती निघाली. 1976 च्या दुरुस्तीनंतर वस्तूच्या मालकीचा प्रश्न तेच कोर्ट ठरवतं, त्यासाठी वेगळा दावा लावत बसावं लागत नाही. त्या निकालाला हुकूमनाम्याइतकंच वजन असतं आणि त्यावर अपीलही होतं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अर्ज करण्याआधी लिलाव होऊन गेला, तर या नियमाखाली कोर्ट तुमचा अर्ज घेत नाही. मुद्दाम किंवा विनाकारण उशीर केलात असं वाटलं, तरी घेत नाही. म्हणून "दिवाळीनंतर बघू" चालणार नाही. अर्ज करतानाच नियम 59 खाली लिलाव थांबवण्याची मागणी करा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. 15100 ही हेल्पलाइनही आहे.

आता बरेच जण म्हणतील, "सर, कर्ज दुसऱ्याचं आणि सिद्ध मी करायचं? हा कुठला न्याय?" चीड येणं साहजिक आहे. पण जरा त्या व्यापाऱ्याच्या जागी उभे राहा. उद्या तुमचीच उधारी बुडेल, तुम्ही वर्षानुवर्षं कोर्टात जाऊन निकाल मिळवाल, आणि कर्जदार म्हणेल, "घरात माझं काहीच नाही, सगळं वहिनीचं आहे." नुसत्या शब्दावर ते मान्य झालं तर कोणाचीच वसुली होणार नाही. म्हणून कोर्ट पुरावा मागतं, आणि ते मला योग्य वाटतं. जप्तीनंतर घाईघाईनं बनवलेलं बिल तर मुळीच चालत नाही. उलट खरी बाजूही खोटी पडते.

दोन अपवाद समजून घ्या. पहिला, दिरांच्या कर्जावर तुम्ही जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ते कर्ज 'दुसऱ्याचं' राहत नाही. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दुसरा अपवाद तुमच्या फायद्याचा आहे. भागीदारी फर्म असेल आणि निकाल एका भागीदाराच्या खासगी कर्जाचा असेल, तर ऑर्डर 21, नियम 49 प्रमाणे फर्मची मालमत्ता त्यासाठी जप्त करता येत नाही. सावकार त्या भागीदाराच्या हिश्श्यावर कोर्टाकडून बोजा चढवून घेऊ शकतो, पण फर्मचं मशीन उचलू शकत नाही.

माझं खरं भांडण बेलीफाशी नाही, आपल्या एका सवयीशी आहे. "घरच्या घरात कागद कशाला?" मशीनचं बिल नवऱ्याच्या नावावर, पैसे सासऱ्यांच्या खात्यातून, गाळा दिरांचा आणि धंदा मात्र तुमचा! प्रेम आहे तोवर सगळं गोड असतं. पण कोर्टाला नातं दिसत नाही, कागद दिसतो. आणि दिरांशी भाडेकरार केला म्हणजे अविश्वास दाखवला असं नाही. उद्या त्यांच्यावर वाईट वेळ आली, तर निदान तुमचा धंदा उभा राहील आणि त्यांनाही आधार देईल.

म्हणून आज रात्री, दुकान बंद केल्यावर, एवढं करा:

1. प्रत्येक मशीनचं बिल काढा. नाव कोणाचं आहे? पैसे कोणाच्या खात्यातून गेले? उद्यम नोंदणी धंदा तुमचा आहे हे सांगते, मशीन तुमचं आहे हे बिल सांगतं.

2. सिरीयल नंबरसह फोटो काढून मेलवर ठेवा. कागद गाळ्यातच ठेवले तर ऐनवेळी हाताला लागणार नाहीत.

3. जागा नातेवाइकांची असेल तर भाडेकरार करा, भाडं बँकेतून द्या आणि बाहेर स्वतःच्या नावाची पाटी लावा.

4. तुमचा माल जॉबवर्कला दुसऱ्याकडे जात असेल तर चलनाशिवाय पाठवू नका. उद्या जप्ती त्याच्याकडेही येऊ शकते.

5. मशीन कर्जावर घेतलं असेल आणि जप्त झालं, तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. मशीन बँकेकडे तारण आहे, म्हणजे बँकेचाही त्यात हक्क आहे.

यातलं एकही काम अवघड नाही, आणि आज त्याला फारसा खर्चही नाही. बेलीफ दारात आल्यावर मात्र यातलं काहीच करता येत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा, आणि कागद सांभाळा!