आधी ब्रेक

आमच्या गावच्या जत्रेत हल्ली कुस्त्यांच्या जोडीला ट्रॅक्टर उलटा नेण्याची शर्यत असते. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना ही काही नवी नाही. मागे ट्रॉली जोडायची, चुन्याने आखलेल्या पट्ट्यांमधून ती रिव्हर्सने न्यायची, चाक पट्टीबाहेर गेले की बाद. कमी वेळात जो पोचेल त्याचा पहिला नंबर. ज्याने कधी ट्रॉली मागे घेतली आहे त्यालाच यातली मेख ठाऊक. स्टिअरिंग डावीकडे फिरवावे तर ट्रॉलीचे बूड उजवीकडे पळते. सरळ करायला जावे तर ती आडवी होऊन बसते. भल्याभल्यांना तिथे घाम फुटतो.

यंदा आमच्या भावकीतल्या एका पोराने दुसरा नंबर काढला. ढाल घेऊन संध्याकाळी पाया पडायला आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही ते परदेशातल्या मोटारींच्या शर्यतींचं लिहिता ना, त्यातला एखादा गडी आणून बसवा की आमच्या ट्रॅक्टरवर. जमंल का त्याला?"

मी म्हटले, "पहिल्या दिवशी नाही जमायचे. पण एक काम तो तुझ्यापेक्षा चांगले करील."

"कंचं?"

"थांबेल."

पोरगा हसला. त्याला वाटले, काका थट्टा करताहेत. चहा पिऊन तो गेला, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. म्हणून आजचा हा मजकूर.

शर्यत म्हटली की लोकांना वेग दिसतो. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर तळाला टेकवायला मात्र फारशी अक्कल लागत नाही, ते तुम्हीआम्हीही करू. ड्रायव्हर कळतो तो वळणाच्या अलीकडे. कुठे पाय उचलला, कुठे ब्रेक दाबला, किती दाबला आणि कधी सोडला, यावर त्याची पत ठरते. ज्याला आपली गाडी किती अंतरात आवरते हे पक्के ठाऊक असते तोच शेवटपर्यंत वेग धरू शकतो. ज्याला ते ठाऊक नाही तो एक तर भिऊन लवकर हळू होतो, नाही तर रस्ता सोडून शेतात जातो.

फ्रान्समध्ये ल मां नावाचे गाव आहे. तिथे १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटारशर्यत होते. दुपारी सुरू झालेली शर्यत रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. सुमारे साडेतेरा किलोमीटरचा फेरा, त्यातला बराचसा एरवीचा वाहतुकीचा रस्ता. त्या काळी एका गाडीला दोन ड्रायव्हर असत आणि ते आळीपाळीने चालवीत. १९५३ साली इथे जॅग्वार कंपनीच्या गाड्या नव्या तऱ्हेचे ब्रेक लावून उतरल्या, ते म्हणजे डिस्क ब्रेक. तोवर शर्यतीच्या गाड्यांना ड्रमचे ब्रेक असत. आपल्या जुन्या मोटारसायकलीचे चाक आठवा. मधोमध बंद डबा, तो ड्रम. पेडल दाबले की आतले दोन लायनर फाकतात आणि डब्याला आतून घासतात. घासले की तापणार, आणि डबा बंद असल्याने ती धग बाहेर पडायला वेळ लागतो. फार तापला की ब्रेक धरेनासा होतो. घाट उतरताना ज्यांच्या पायाखाली पेडल असे लोण्यात गेल्यासारखे गेले आहे, त्यांना मी आणखी काय सांगावे! डिस्क म्हणजे उघडी थाळी. दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरल्यासारखी ती दाबली जाते, आणि वारा लागत असल्याने लवकर निवते. जॅग्वारने ती शर्यत जिंकली, आणि चोवीस तासांची सरासरी ताशी १७० किलोमीटरच्या आसपास पडली. ताशी शंभर मैलांपेक्षा जास्त सरासरीने ल मां जिंकले गेले ते तेव्हा पहिल्यांदा. गंमत बघा, गाडी जास्त पळाली ती जास्त चांगली थांबत होती म्हणून. तीच थाळी आज आपल्या पोरांच्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकात चकाकते आहे.

आता दोन वर्षे पुढे, १९५५ साली या. ११ जूनचा शनिवार. यावेळी जॅग्वारसमोर मर्सिडीझच्या तीन गाड्या होत्या. इंजिनात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, पण ब्रेक ड्रमचेच होते. ते पुरत नाहीत हे कंपनीलाही कळत होते. म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागे एक मोठे झाकण बसवले होते. वळण आले की दांडा ओढायचा, झाकण उभे राहायचे आणि वाऱ्याला अडून गाडी हळू व्हायची. डोके चांगले चालवले होते, पण ते झाकण म्हणजे काही ब्रेक नव्हे.

या तीनपैकी एक गाडी पिएर लव्हेग नावाच्या फ्रेंच ड्रायव्हरकडे होती. वय ४९. या गृहस्थाची आधीची एक हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९५२ साली हाच लव्हेग ल मांला स्वतःची टॅल्बो गाडी घेऊन उतरला होता. जोडीदार ठरलेला असताना त्याने गाडी त्याच्या हाती दिलीच नाही. जवळजवळ तेवीस तास एकटा चालवत राहिला, तोही सगळ्यांच्या पुढे. शेवटचा तासदीड तास उरला असता इंजिन गेले आणि शर्यत मर्सिडीझने जिंकली. थकव्याने त्याचा गिअर चुकला असे बहुतेक जण सांगतात. इंजिनात आधीपासूनच दोष होता, असेही म्हणणारे आहेत. काही असो, तेवीस तास जागा असलेला माणूस चाकामागे बसला होता. आपल्याकडे गळीत हंगामात दोन-दोन रात्री न झोपता ऊस ओढणाऱ्या पोरांचे कौतुक होते, तेव्हा मला हा लव्हेग आठवतो. त्याच्या जिद्दीची मर्सिडीझवाल्यांनी कदर केली आणि तीन वर्षांनी त्याला आपली गाडी दिली.

संध्याकाळचे साधारण साडेसहा झाले होते. सुरुवात होऊन अडीच तास. जॅग्वारवाला माईक हॉथॉर्न पुढे होता. त्याला पेट्रोलसाठी उजवीकडे थांबायचे होते. थांबायची जागा अगदी शर्यतीच्या रस्त्याला लागून. वेगळी वाट नाही, मध्ये भिंत नाही. त्याने लॅन्स मॅक्लिन नावाच्या ड्रायव्हरची हळू चालणारी ऑस्टिन-हीली मागे टाकली आणि लगेच ब्रेक दाबला. पुढची गाडी अशी एकदम हळू झाल्यावर मॅक्लिनने ब्रेक दाबून आपली गाडी डावीकडे काढली. त्याच डाव्या अंगाने ताशी २४० किलोमीटरच्या आसपास लव्हेग येत होता. त्या वेगात माणूस एका सेकंदात दोनशे फुटांच्या वर जातो. ब्रेक ड्रमचा असो नाही तर डिस्कचा, तो दाबायला वेळ उरलाच नव्हता. त्याची गाडी हीलीच्या मागच्या अंगावर चढली, उडाली आणि मातीच्या बांधावर आपटून फुटली. बांधाला लागून माणसे दाटीवाटीने उभी होती. इंजिन आणि पुढचा आस त्यांच्यात जाऊन पडला. लव्हेग गेला, आणि त्याच्याबरोबर ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. मोटारशर्यतीच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही. मागून येणारा फांजिओ त्यातून निसटला. पडण्याआधी लव्हेगने हात वर करून आपल्याला इशारा दिला, असे तो पुढे सांगत असे.

शर्यत थांबवली नाही. लोक एकदम बाहेर पडले तर रस्ते तुंबून जखमींना नेता येणार नाही, असे कारण दिले गेले. मर्सिडीझने मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या, आणि हॉथॉर्न व त्याचा जोडीदार जिंकले. चौकशीत कुणा एका ड्रायव्हरवर ठपका आला नाही. जुन्या कमी वेगाच्या गाड्यांसाठी केलेला रस्ता या गाड्यांना पुरत नव्हता, असा त्याचा मथितार्थ. मग थांबायची जागा आणि प्रेक्षकांच्या बैठका पाडून नव्याने बांधल्या. शेजारच्या स्वित्झर्लंडने तर फेऱ्याच्या रस्त्यावरील शर्यतींवर बंदीच घातली.

या अपघातावर मी बरेच वाचले आहे. ब्रेकमधला फरक हेच एक कारण होते असे नाही. पण मला त्यात दर वेळी दिसतो तो एकच रस्ता आणि त्यावर वेगवेगळ्या वेगाच्या, वेगवेगळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या. अगदी आपला कारखान्याचा रस्ता. कार्तिक-मार्गशीर्षात संध्याकाळी सातला तिथे उभे राहून बघा. उसाची बैलगाडी, तिच्यामागे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे एस.टी., आणि सगळ्यांना डावी-उजवी घालत जाणारी मोटारसायकल. ल मांला निदान सगळे एकाच दिशेने जात होते.

थोडा हिशेब मांडू. साठच्या वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर फुकट जाते. पुढे वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. वाटेत विना दिव्याची ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल आणि ती पोराला दीडशे फुटांवरून दिसली, तर त्याच्या हातात तीन सेकंदसुद्धा नाहीत. ट्रॉलीच्या मागे तांबडे रिफ्लेक्टर ठोकायला किती खर्च येतो? ट्रॅक्टरवरच्या गाण्याच्या कर्ण्याच्या मानाने काहीच नाही. आणि त्या कर्ण्यापुढे मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही, हे आणखी निराळे.

ट्रॅक्टरचे म्हणाल तर त्याचा ब्रेक हा वेगळाच प्रकार. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकांना ब्रेक नसतो. मागच्या दोन चाकांना दोन निराळी पेडले. शेतात तासाच्या शेवटी वळताना एकच पेडल दाबले की ते चाक धरते आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. तिथे ही मोठी सोय. रस्त्यावर हीच सोय काळ. म्हणून दोन्ही पेडले जोडणारी एक छोटी लोखंडी पट्टी दिलेली असते. कोणी तिला लॉक म्हणतो, कोणी खिट्टी. शेतातून रस्त्यावर चाक ठेवायच्या आधी ती लावायची असते.

१९७८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मी ती लावली नाही. सकाळी नांगरट केली होती, दुपारी ट्रॉली जोडून तालुक्याहून खताच्या गोण्या आणायला गेलो. गोण्यांवर आमचा सालगडी बसला होता. घरात सगळे त्याला तात्या म्हणत. ओढ्याच्या उताराला मी डिझेल वाचवायला न्यूट्रल केले. तेव्हा तसे करणे हुशारीचे समजत, आजही समजतात. खाली पुलावर म्हैस आडवी आली. मी पाय मारला तो एकट्या उजव्या पेडलवर पडला. उजवे चाक धरले, डावे पळतच राहिले, ट्रॅक्टर गर्रकन फिरला आणि मागून ट्रॉलीने त्याला ढकलत नेले. ट्रॉलीला ब्रेक कुठला असायला! बाभळीला अडकून ट्रॅक्टर राहिला, ट्रॉली चारीत पालथी झाली. तात्यांचा हात कोपरात मोडला. जोडला, पण पुढे त्यांना त्या हाताने कधी पाण्याची घागर उचलता आली नाही. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पेडले तारेने आवळून बांधली. नांगरटीला सोडायची झाली की मला त्यांच्याकडे पक्कड मागायला जावे लागे.

उताराला न्यूट्रल नको, हेही त्या दिवशीच कळले. ज्या गिअरने चढ चढाल त्याच गिअरने उतरा. इंजिन मागे ओढून धरते आणि ब्रेक निवांत राहतो. एका ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस आणि पुढे ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा. उताराला कोण कोणाला नेतो ते तुम्हीच ठरवा.

घरातल्या आयाबहिणींना एक सांगायचे आहे, कारण बाप्ये मंडळी माझे ऐकत नाहीत, तुमचे थोडेफार ऐकतात. ट्रॅक्टरला बैठक एकच असते, चालवणाऱ्याची. मडगार्ड ही बैठक नव्हे. पोर कितीही रडले, "बाबांसंगं बसतो" म्हणाले, तरी त्याला तिथे बसवू देऊ नका. एका खड्ड्यात पोर पडते ते थेट मागच्या चाकापुढे. त्यापेक्षा त्याला घेऊन बांधाने चालत शेतावर जा. दहा मिनिटे उशीर होईल, होऊ द्या.

परवा सकाळी मी मुद्दाम त्या ढालवाल्या पोराच्या गोठ्यापुढे गेलो. ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभा केलेला होता. म्हटले, "बाबा, जरा पेडलांची पट्टी दाखव." तो वाकला, बराच वेळ चाचपत राहिला. पट्टी होती, पण घेतल्यापासून कुणी हलवलीच नव्हती. गंजून एका अंगाला चिकटून बसली होती. डिझेलची चिंधी फिरवली, हातोडीचे दोन-तीन टोले हाणले, तेव्हा कुठे सुटली. पोरगा वर चढून बसला, दोन्ही पेडले एका पायाने दाबून पाहिली. मग म्हणाला, "काका, डावं जरा जास्त खाली जातंय." म्हणजे ते मेस्त्रीकडून सारखे करून घ्यायला हवे, नुसती पट्टी लावून भागणार नाही. त्याच दुपारी तो घेऊन गेला.

टायरांच्या हवेबद्दल दोघातिघांची पत्रे आली आहेत. ते पुढच्या खेपेस.