ऋणनिर्देश कोणी लिहायचा?

मराठीत पीएच.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने आरंभीच्या पानांवर ‘ऋणनिर्देश’ लिहिलेला असतो. मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक अशी नावे येत जातात, आणि अखेरीस घरच्यांची पाळी आली की एक ठरावीक वाक्य येते : यांचे आभार मानून त्यांना परके करण्याची इच्छा नाही, त्यांच्या ऋणात राहणेच आवडेल. आम्ही दोघांनीही आपापल्या प्रबंधांत ते लिहिले आहे आणि पुढे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून, साचेबंद म्हणून, खोडलेही आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या कोल्हापुरातल्या घरी दोन पाहुण्या आल्या आणि या वाक्याकडे आम्हांला नव्याने पाहावे लागले.

पाहुण्या मायलेकी स्वीडनच्या. आई ऐंशीच्या घरातली. लेक आमच्याच वयाची, रंगाने-चेहऱ्याने आमच्याच गल्लीतली वाटावी अशी. १९८२ साली, सहा-सात महिन्यांची असताना, ती इथल्या एका संस्थेतून गोथेनबर्गला गेली. तिच्या कागदपत्रांत मराठी हस्ताक्षरातली दोन पाने होती आणि आजवर ती तिला कोणी नीट वाचून दाखवली नव्हती. इंग्रजी विभागातल्या एका सहकाऱ्याने त्या दोघींना आमच्याकडे पाठवले ते त्यासाठी.

पाने बाहेर निघण्याआधीच शेजारच्या काकू डोकावल्या. कोण, कुठल्या, हे त्यांनी दोन मिनिटांत काढून घेतले, मुलीचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “लई उपकार केलं बघ ह्या माउलीनं तुझ्यावर. जन्मभर इसरू नगंस.” मग वळून त्या वृद्ध बाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. काकूंच्या मनात माया होती, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. तरीही ते वाक्य इंग्रजीत सांगण्याची वेळ आली तेव्हा आम्ही चक्क खोटे बोललो. त्या म्हणताहेत, तुमच्या आईचे तुमच्यावर फार प्रेम आहे, असे सांगून मोकळे झालो.

मुलगी हसली. म्हणाली, वाक्य याहून लांब होते, आणि हा चेहरा मला ओळखीचा आहे. शाळेत, दवाखान्यात, आजीच्या मैत्रिणींकडून तिने हे लहानपणापासून ऐकले होते : किती नशीबवान तू, किती कृतज्ञ असशील! स्वीडिश भाषेत यासाठी एक जोडशब्द आहे. ‘ताकसामहेत’ म्हणजे कृतज्ञता आणि ‘स्कुल्ड’ म्हणजे कर्ज. दोन्ही जोडून ‘ताकसामहेत्सस्कुल्ड’. गंमत अशी की ‘स्कुल्ड’चा दुसरा अर्थ अपराध. कर्ज आणि अपराध यांना एकच शब्द असलेल्या भाषेत आपण वाढलो, असे ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, भाषेचे नवल सांगावे तशी.

आमच्याकडे शब्द निराळे आहेत, आणि ते निराळे आहेत याला अर्थ आहे. ‘उपकार’ वरून खाली येतो. तो फेडावा लागतो, किंवा फिटत नाही म्हणून मान खाली घालावी लागते. ‘आभार’ बरोबरीच्या परक्याचे मानायचे. ‘ऋण’ मात्र घरातले. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे जन्मलेल्या प्रत्येकाच्या माथी आहेत, पोटच्याच्याही. शिवाय पितृऋण फिटते ते बापाला काही परत देऊन नव्हे, आपण पुढची पिढी वाढवून. पोटच्या मुलाला कोणी “आईबापांचे आभार मानलेस का?” असे विचारत नाही. विचारलेच तर तो रागावण्याचा प्रकार असतो. मग दत्तक मुलीला दर चार माणसांमागे एकाने हा प्रश्न विचारायचा, याचा अर्थ काय? आमच्या प्रबंधातल्या त्या साचेबंद वाक्यात उत्तर आहे. आभार मानणे म्हणजे परके करणे. तिच्याकडे कृतज्ञतेची मागणी करणारा, नकळत का होईना, तू या घरातली नाहीस, असेच सांगत असतो.

वर्गात आम्ही कर्ण शिकवतो. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (१९६७) वाचून आलेली मुले उत्तरपत्रिकेत ‘कृतज्ञ कर्ण’ असा मथळा घालून चार पाने भरतात, आणि त्यात दुर्योधन व राधा यांना एकाच ओळीत बसवतात. महाभारतात तसे नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो तेव्हा कर्ण राधेविषयी जे बोलतो त्यात हिशेब नाही. तिला माझ्या मायेने पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, तिचा पिंड मी कसा तोडू, असा त्याचा आशय आहे. दुर्योधनाचे प्रकरण वेगळे. तिथे अंगदेशाचे राज्य मिळालेले आहे, उपकार झालेला आहे, आणि तो कर्णाला प्राण देऊन फेडावा लागतो. एकाच माणसाची ही दोन नाती. दत्तक मुलांना आपण राधेच्या घरी ठेवतो आणि दुर्योधनाच्या दरबारातली भाषा बोलायला लावतो. हे आम्हांला इतकी वर्षे वर्गात सुचले नव्हते, हेही इथे कबूल करून टाकतो.

जुना दत्तकविधी एका बाबतीत आजच्यापेक्षा प्रामाणिक होता. गरज कोणाची, हे तो लपवत नसे. निपुत्रिकाला पिंड-पाणी हवे, वंशाला नाव हवे, गादीला वारस हवा. एकुलता एक मुलगा देऊ नये नि घेऊही नये, असे वसिष्ठ धर्मसूत्र सांगते, कारण देणाऱ्या घराचेही काही तुटते हे तिथे गृहीत आहे. त्या व्यवस्थेत मुलींना जागा नव्हती आणि अनाथ, बेवारस मुलांना तर नव्हतीच, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आम्हां कोल्हापूरकरांना विचारा : १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले. गादीचे शाहूंवर उपकार झाले, असे इथे कोणी म्हणत नाही. गादीचे भाग्य उजळले, असेच म्हणतात.

उद्धाराची कथा नंतरची. दुसरे महायुद्ध, कोरियाचे युद्ध यांच्यानंतर मुले देशांच्या सीमा ओलांडून जाऊ लागली आणि घेणाऱ्याची गरज मागे पडून दिलेल्याचे दुर्दैव पुढे आले. भारतातून जाणाऱ्या मुलांसाठी तर बराच काळ स्वतंत्र कायदाही नव्हता. परदेशी दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली इथल्या न्यायालयाकडून फक्त पालकत्व मिळे, दत्तकविधान त्यांच्या देशात होई. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नियम घालून दिले : जन्मदात्यांची संमती खरी असावी, आधी भारतीय घर शोधावे, परदेशी घराची नीट चौकशी व्हावी. आमची पाहुणी त्याच्या दोन वर्षे आधीच गेलेली.

या साऱ्या व्यवहारात घराच्या आत काय घडते ते पाहायचे तर आशा मिरो वाचावी. नाशिक जिल्ह्यात १९६७ साली जन्मलेली ही मुलगी मुंबईच्या एका मठातून १९७४ मध्ये बार्सिलोनाला गेली. तिथे मोठी होऊन तिने कातालान भाषेत आत्मकथन लिहिले, ‘गंगेची कन्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे (२००३). नाशिकची मुलगी आणि गंगा? असे मराठी वाचकाला वाटेल खरे, पण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. या पुस्तकात तिच्या दत्तक आईच्या रोजनिशीतल्या नोंदीही येतात, आणि आम्हांला त्याच अधिक मोलाच्या वाटतात. एरवी दत्तक मुलाने ऋणनिर्देश लिहायचा आणि आईने तो ऐकायचा, असा रिवाज. इथे आईही लिहिते आहे. पुढच्या पुस्तकात (२००४) आशा इथे राहून गेलेल्या सख्ख्या बहिणीला भेटते. तिचेही नाव आशाच. दोघींमध्ये एकही समान भाषा नाही. आशाच्या लेखनात कृतज्ञता भरपूर आहे, आणि ती खोटी वाटत नाही. कोणी मागितलेली नाही म्हणून.

सरू ब्रायर्लीची गोष्ट ‘लायन’ (२०१६) या चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहे. बुऱ्हाणपूरच्या स्थानकावर हरवलेला पाच वर्षांचा मुलगा कोलकात्याला पोचला, १९८७ मध्ये टास्मानियातल्या होबार्टला दत्तक गेला, आणि २०१२ मध्ये संगणकावरचे नकाशे धुंडाळून खंडव्याच्या आईपाशी परतला. चित्रपटातली रडारड सोडून द्या. त्याच्या पुस्तकात एक साधा तपशील आहे : त्याच्या होबार्टच्या खोलीत भारताचा नकाशा लावलेला होता, आणि तो दत्तक आईने लावलेला होता. ज्याचे आपल्यावाचून दुसरे कोणी असू नये असे वाटणे स्वाभाविक, त्याच्याच भिंतीवर त्याच्या दुसऱ्या घराचा नकाशा लावणे याला काय म्हणावे? आम्ही त्याला कृतज्ञता म्हणू. आईची, त्या अज्ञात दुसऱ्या आईविषयीची.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. जो सदैव कृतज्ञ असला पाहिजे त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. नेदरलँड्सच्या चौकशी समितीने २०२१ मध्ये आंतरदेशीय दत्तकविधानातले गैरव्यवहार मांडले. चीनने २०२४ मध्ये मुले परदेशी देणे थांबवले. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये खोट्या कागदपत्रांवर बोट ठेवले, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या आयोगाने ही पद्धतच बंद करावी अशी शिफारस केली. यांतले बरेचसे उजेडात आले ते मोठ्या झालेल्या दत्तक मुलांनी, कृतघ्न म्हणवून घेण्याची तयारी ठेवून, आपापली कागदपत्रे मागितली म्हणून. तीसचाळीस वर्षे त्यांना गप्प ठेवायला कुलूप लागले नाही, “केवढे नशीब तुझे” एवढे पुरले.

तर ती दोन पाने. पहिले पान संमतिपत्राचे. “मी खाली अंगठा करणार, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देते की...” आमचा धंदा शैलीचा. हा ‘मी’ कोणाचा, हे ओळखायला आम्हांला वेळ लागला नाही. ही भाषा कचेरीतल्या कारकुनाची होती, खरेदीखतावर शोभणारी. त्या पानावर जन्मदात्रीचे म्हणावे असे एकच होते, डाव्या अंगठ्याचा ठसा, तोही शाई जास्त झाल्याने फासलेला. संमती खरी की खोटी, हे त्यावरून सांगता येत नाही, असे आम्ही मुलीला स्पष्ट सांगितले. या खेपेस भाषांतरात काही लपवले नाही. आधीचे उपकारांचे वाक्यही तेव्हाच दुरुस्त करून सांगितले. वृद्ध आई आमच्यावर किंचित रागावल्याच. मूल आम्हांला हवे होते, त्या म्हणाल्या, आम्ही अर्ज केले, आम्ही वाट पाहिली, उपकार कसले?

दुसरे पान संस्थेतल्या कोणा दाईने किंवा परिचारिकेने भरलेले : वजन, लसी, ताप येऊन गेल्याची तारीख. तळाशी, रकान्याच्या बाहेर, वेगळ्या शाईत एक ओळ होती. “आई सांगून गेली, वरचे दूध पचत नाही, तांदळाची पेज द्यावी.”

आम्ही ती इंग्रजीत सांगितली. मुलगी काही बोलली नाही. आईंनी चष्मा काढला. विमानतळावरून घरी नेल्यापासून बाळ दूध ओकत होते, त्या म्हणाल्या, डॉक्टर बदलले, डबे बदलले. नेमके कारण कळायला तीन महिने लागले. कागद तेव्हापासून कपाटातच होता.

मग त्यांनी ती ओळ मराठीत पुन्हा वाचायला सांगितली. ‘सांगून गेली’पाशी थांबवून विचारले, यात ‘गेली’ म्हणजे निघून गेली ना? आम्ही हो म्हटले. निघताना पेज कशी करतात ते त्यांनी वहीत लिहून घेतले : मूठभर तांदूळ, सहापट पाणी, मीठ अगदी शेवटी.