सरावातले 'आहे रे' आणि 'नाही रे'

काही अन्याय बक्षिसाच्या रूपाने वावरतात, आणि बक्षिसाला हात लावण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डिसेंबर महिन्यात काही संघांना सरावासाठी जो अधिकचा काळ मिळतो आणि इतरांना नाकारला जातो, तो आम्हांला अशाच अन्यायाचा नमुना वाटतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे हा विषय का मांडावा, असे कोणी विचारील. पण विद्यापीठ नावाच्या संस्थेत शिकण्याचा वेळ कोणाला द्यावा आणि कोणत्या निकषावर द्यावा, हा प्रश्न केवळ मैदानावरचा नाही. तो वर्गातलाही आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. हा फुटबॉल आपल्याकडे पायाने खेळला जातो तो नव्हे. अंगाला अंग भिडवून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा तो अमेरिकी खेळ. त्याच्या महाविद्यालयीन स्पर्धांच्या सर्वोच्च विभागात २०२५ च्या हंगामात १३६ संघ होते. प्रत्येक संघ साधारणपणे बारा नियमित सामने खेळतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस हंगाम सरतो. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत 'बोल' सामने होतात. येथे बोल म्हणजे वाडगा. वाडग्याच्या आकाराच्या भव्य क्रीडागारांवरून हे नाव रूढ झाले. या परंपरेची सुरुवात कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे १९०२ मध्ये झाली. त्या सामन्यात मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा पराभव केला होता. एके काळी मोजक्याच संघांच्या वाट्याला येणारा हा मान आता बारांपैकी सहा सामने जिंकणाऱ्या संघालाही मिळू शकतो.

मानाबरोबर येतो तो वेळ, आणि खरी मेख येथेच आहे. एनसीएए या नियामक संस्थेने खेळाडूंच्या वेळेवर बंधने घातली आहेत. हंगामात आठवड्याला वीस तास आणि दिवसाला चार तास ही मर्यादा. वसंत ऋतूत केवळ पंधरा सराव. ज्या संघाला बोल सामना मिळत नाही, त्याचा सराव शेवटच्या सामन्याबरोबर संपतो. ज्याला मिळतो, तो मात्र सामन्याच्या दिवसापर्यंत सराव करू शकतो, आणि सत्राच्या सुटीत तर तासांची मर्यादाही लागू नसते. हे सराव साधारण पंधराच्या घरात जातात; म्हणूनच प्रशिक्षक त्यांना 'दुसरा वसंत' समजतात. हिशेब सोपा आहे. दरवर्षी पंधरा धरले, तर चार वर्षांत एका विद्यार्थ्याला साठ सराव अधिक मिळतात आणि दुसऱ्याला एकही नाही.

या सरावांत घडते काय, हेही पाहिले पाहिजे. हंगाम चालू असताना प्रशिक्षकाचे सारे लक्ष येत्या शनिवारच्या सामन्यावर असते. पहिल्या वर्षाची राखीव मुले त्या दिवसांत पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून मुख्य खेळाडूंचा सराव घडवून आणतात; त्यांना स्वतःला शिकवायला कोणाला सवड नसते. ती सवड डिसेंबरात मिळते. पहिले काही दिवस ज्येष्ठांना विश्रांती आणि नवख्यांना धडे, अशी अनेक संघांची रीत आहे. शिवाय व्यावसायिक खेळाकडे निघालेले नामवंत खेळाडू आता बोल सामना टाळू लागले आहेत. लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी २०१६ च्या डिसेंबरात तसे केले, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. आज त्याचे कोणाला नवल वाटत नाही. त्यांच्या जागा नव्या मुलांना मिळतात. म्हणजे हा काळ पुष्कळ अंशी अध्यापनाचा झाला आहे.

मग हे अध्यापन कोणाला मिळते? ज्यांचे बरे चालले आहे त्यांना. कॅन्ससचा संघ २००८ च्या डिसेंबरात बोल सामना खेळला आणि पुन्हा थेट २०२२ च्या डिसेंबरात. मधल्या तेरा हंगामांत तेथे आलेल्या मुलांच्या वाट्याला हा डिसेंबर आलाच नाही. याउलट ओहायो स्टेट आणि नोत्र दाम यांचे २०२४ चे नियमित सामने ३० नोव्हेंबरला संपले आणि अंतिम सामना २० जानेवारी २०२५ ला झाला. एक्कावन्न दिवस अधिक. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्रातील अशाच प्रवृत्तीला 'मॅथ्यू परिणाम' असे नाव दिले होते: ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळते. आपल्या भाषेत 'आहे रे' आणि 'नाही रे' हे शब्द त्याहून नेमके आहेत. परीक्षेत मागे पडलेल्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाचे दार बंद आणि पहिल्या आलेल्याला ते रात्रभर उघडे, असा नियम एखाद्या महाविद्यालयाने केला, तर आपण अध्यापक त्याला काय म्हणू?

यावर पहिला आक्षेप असा की स्पर्धेत बक्षीस असायचेच. मान्य आहे. सामना हे बक्षीस आहे, प्रवास, गौरव, पैसा हेही आहे. त्याला आमचा विरोध नाही. शिकण्याची संधी मात्र बक्षिसात मोजू नये, एवढेच आमचे म्हणणे. आणि गुणवत्तेचे दार केवळ विजयाच्या किल्लीने उघडते असेही नाही, हे या व्यवस्थेनेच दाखवून दिले आहे. २०१५ मध्ये पात्र संघ अपुरे पडले, तेव्हा पाच विजय आणि सात पराभव असलेल्या नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट यांना त्यांच्या खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीच्या आधारे स्थान मिळाले. तिन्ही संघ जिंकले. तीन सामन्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण हरलेल्यांना दार उघडल्याने खेळाची अप्रतिष्ठा झाली नाही, एवढे तरी दिसले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंडियानाचा संघ २०२३ मध्ये नऊ सामने हरला, त्याला तो डिसेंबर मिळाला नाही, आणि पुढच्याच वर्षी तो बारा संघांच्या बाद फेरीत पोहोचला. मग सरावाचे एवढे अवडंबर कशाला? पण ही किमया कशी झाली ते पाहावे. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले आणि तेथील अनेक तयार खेळाडू त्यांच्यामागोमाग आले. २०२१ पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. त्यांचे नाव आणि प्रतिमा विकण्याचा अधिकारही त्याच वर्षी मिळाला. खेळाडूंचे हे स्वातंत्र्य योग्यच आहे. परंतु ज्या संघाला शिकवायला वेळ नाही, त्याने तयार माणसे आणावीत, हाच मार्ग उरतो. हरलेल्या संघातला अठरा वर्षांचा मुलगा मात्र तेथेच राहतो, किंवा त्याची जागा दुसऱ्याला जाते. संघ सावरला, पण तो मुलगा शिकला का, हे कोणी विचारीत नाही.

तिसरी गोष्ट ताजी आहे. २०२५ च्या डिसेंबरात नोत्र दामने बाद फेरीतून वगळले गेल्यावर बोल सामना खेळायलाच नकार दिला; आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांनीही माघार घेतली. तेव्हा या सरावाचे मोल उरलेच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. आम्ही तो काढणार नाही. नको म्हणण्याचा अधिकारही ज्याला देऊ केले जाते त्यालाच असतो.

एका शंकेपुढे मात्र आम्ही थांबतो. अधिक सराव म्हणजे अधिक टकरा, अधिक दुखापती. आणि डिसेंबर हा परीक्षांचाही महिना. वंचितांना न्याय देण्याच्या नावाखाली त्यांच्या शरीरावर आणखी ओझे लादावे काय? मुळीच नाही. म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. बोल सामना मिळो वा न मिळो, प्रत्येक संघाला शेवटच्या सामन्यानंतर ठरावीक, सारख्याच संख्येचे सराव द्यावेत. ते परीक्षा संपल्यावर घ्यावेत, त्यांत अंगावर धडक देण्यास मनाई असावी, आणि विद्यार्थ्याला नकार देण्याची मोकळीक असावी. ज्यांना सामना आहे त्यांनी तेवढ्यातच तयारी करावी. हे जमत नसेल, तर बोल संघांच्या सरावांवर तरी कमाल मर्यादा घालावी.

या खेळात आता कोट्यवधी डॉलर फिरतात आणि २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ लागली आहेत. त्यामुळे 'विद्यार्थी' हा शब्द येथे केवळ अलंकार उरला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तसे असेल तर विद्यापीठांनी तो शब्द सोडून द्यावा आणि बाजाराचे नियम उघडपणे स्वीकारावेत. पण जोवर तो शब्द वापरला जात आहे, तोवर हरलेल्या विद्यार्थ्याला शिकवणे थांबवण्याचे समर्थन त्यांना द्यावे लागेल. आम्हांला तरी ते कोठे सापडलेले नाही.