फॅमिली रूम

परवा आमच्या नातवाने घरबसल्या मोबाइलवरून पुरी-भाजी मागविली. अर्ध्या तासात डबा दारात हजर! पूर्वी एवढ्या वेळात हॉटेलातला पोऱ्या टेबलावर फडकेसुद्धा मारीत नसे. डबा उघडून पाहतो तो आत पुऱ्या एकमेकींना चिकटून घामाघूम झालेल्या. "आजोबा, पुन्हा गरम करून देऊ?" नातवाने विचारले. मी नको म्हणालो. निवलेली पुरी गरम करता येते, फुगविता येत नाही. ती पुरी पाहून मला माझ्या आईची आठवण झाली. ती का झाली हे सांगायचे तर वाचकांना माझ्याबरोबर गिरगावातल्या एका हॉटेलात येऊन बसावे लागेल.

माझा जन्म १९४८ चा. तेव्हा 'आमच्या काळी' असे म्हणण्याचा हक्क मी आता कमावला आहे. आमच्या काळी मध्यमवर्गीय माणूस हॉटेलात जात असे; फक्त गेलो होतो असे घरी सांगत नसे. "हॉटेलचे खाणे म्हणजे सोडा आणि डालडा," हे आमच्या वडिलांचे ठाम मत. "अमक्यांचा मुलगा इराण्याकडे बसलेला दिसला," एवढे एक वाक्य त्या मुलाच्या लग्नाची बोलणी फिसकटायला पुरत असे.

या धास्तीचे मूळ जुने होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले. टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या पंक्तीला बसलात, हा तेव्हा जिवाचा प्रश्न होता. पुढे तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, त्याच लोकमान्यांनी देह ठेवला तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे पैसे देऊन राहण्या-जेवण्याच्या जागेत! तीस वर्षांत शहराने केवढी मजल मारली होती पाहा.

ती मारायला इराण्यांनी मोठा हातभार लावला. यझ्द आणि केरमानकडून ही माणसे आली आणि त्यांनी मुंबईचे कोपरे धरले. कोपऱ्यावरची जागा इतर दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्याला मिळाली असे सांगतात. खरे-खोटे तो कोपरा जाणे. पण दोन्ही रस्त्यांवरून गिऱ्हाईक आत येते हे इराण्याला चांगले कळले होते. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. संगमरवरी माथ्याचे टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि गल्ल्याशेजारी बरण्यांतून नानकटाई. त्या टेबलाशी ब्रून-मस्का चहात बुडवून खाणाऱ्याला शेजारच्याची जात विचारण्याची सोयच नव्हती. विचारीपर्यंत पाव बशीत विरघळायचा! मग उडपी मंडळी आली. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. घर गावाकडे ठेवून नोकरीसाठी आलेल्या किती कारकुनांची पोटे असल्या बोर्डिंगांनी आणि राइस प्लेटींनी सांभाळली असतील!

आणि २६ जानेवारी १९५० रोजी तर घटनेनेच सांगून टाकले की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही. कायद्याच्या एवढ्या भारदस्त पुस्तकात हॉटेलाचा उल्लेख आहे, याचा माझ्यासारख्या खादाड माणसाला अभिमान वाटतो. मात्र त्यातल्या 'लिंग' या शब्दावर आमच्याकडे एक नामी तोड निघाली होती. तिचे नाव 'फॅमिली रूम'.

नव्या पिढीने ही चीज क्वचितच पाहिली असेल. हॉटेलाच्या पार मागच्या बाजूला, मोरीच्या आणि भटारखान्याच्या मधोमध, लाकडी फळ्या ठोकून तीन-चार खण केलेले असत. त्यांना अर्ध्या उंचीची झुलती दारे, नाहीतर मळकट पडदा. बायकामाणसांनी तिथे बसावयाचे. वारा नाही, उजेड बेताचा. बाहेरच्या दिवाणखान्यातले पंखे पुरुषांसाठी. कॉलेजातल्या प्रेमवीरांनी पुढे या खणांचा निराळाच उपयोग शोधून काढला. पण फॅमिली होण्यापूर्वीची ती हकीगत इथे नको.

आमची फॅमिली त्या रूममध्ये प्रथम शिरली ती १९५७ च्या दिवाळीच्या खरेदीला. कापडाच्या दुकानातून निघेपर्यंत सात वाजले, धाकटी बहीण रडकुंडीला आली आणि वडिलांचा तात्त्विक विरोध तिच्या रडण्यापुढे टिकला नाही. आम्ही पाच जण एका खणात कोंबून बसलो. वेटर आला. वडिलांनी आम्हा तिघा मुलांना बटाटेवडे सांगितले, स्वतःला चहा सांगितला. वेटर आईकडे वळून म्हणाला, "आणि माईंना काय आणू?"

आई गडबडली. मला वाटते, तिला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारलाच नव्हता. तिने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "तिला काहीही चालेल."

फळ्यावर 'काहीही' नावाचा पदार्थ नव्हता. त्यामुळे तिच्यापुढे काहीही आले नाही. बहिणीने टाकलेला अर्धा वडा आणि वडिलांच्या कपातून बशीत ओतलेला चहा, हे तिचे त्या दिवसाचे हॉटेल. आम्ही उठलो तेव्हा वेटर गल्ल्याकडे तोंड करून ओरडला, "पाच माणसं, चौऱ्याण्णव!" नये पैसे त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आले होते. भर हॉटेलात पंधरा आण्यांचे चौऱ्याण्णव होतात की त्र्याण्णव, यावर वडिलांनी मालकाशी हुज्जत घातली आणि हरले. त्या रात्री जमाखर्चाच्या वहीत त्यांनी 'किरकोळ ०.९४' असे लिहिले. वडील सहा नये पैशांचासुद्धा हिशेब लिहिणारे होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्यानंतर बरीच वर्षे आई हॉटेलात आली नाही. म्हणजे आमची तशी समजूत होती. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, सोमवारी संध्याकाळी हॉटेले बंद राहू लागली आणि वडिलांना आपले मत देशाने मान्य केल्यासारखा आनंद झाला. घरी चूलही बंद. अडचण एकट्या आईची झाली. तिचा सोमवारचा उपास संध्याकाळीच सुटायचा. "शास्त्रीजींना शेंगदाणे चालतात का हो?" एवढेच तिने विचारले.

१९७१ साली वडील गेले. १९७३ मध्ये मला पहिला बोनस मिळाला तेव्हा ठरविले की आज आईला हॉटेलात न्यायचे. 'काहीही'वर भागवायचे नाही. फळ्यावरचा एकेक पदार्थ वाचून दाखवायचा. आई चटकन तयार झाली. तिच्या त्या चटकन तयार होण्यात मला काही वावगे दिसले नाही, हा माझा भाबडेपणा.

आमच्या घरापासून पाच मिनिटांवरच्या हॉटेलात गेलो. मी सवयीने मागच्या खणांकडे वळलो. आई म्हणाली, "तिकडे कशाला? तिथे वारा लागत नाही." आणि सरळ पंख्याखालच्या भिंतीकडच्या टेबलाशी जाऊन, भिंतीला पाठ लावून बसली. मी समोर टेकतो न टेकतो तोच कानावर पेन्सिल लावलेला एक वयस्क वेटर हसत पुढे आला.

"काय माई, नेहमीचंच ना? आणि काकू नाही आल्या आज?"

मी आईकडे पाहिले. आई टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे पाहत होती.

हळूहळू उलगडा झाला. गुरुवारी दुपारी आई आणि शेजारच्या खोलीतल्या काकू पुराणाला जात, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पुराण पाचला सुटते असा आमचा समज. पुराणिकबुवा साडेचारलाच आटोपते घेत, हे ठाऊक नव्हते. मधला अर्धा तास गेली नऊ वर्षे या टेबलाशी जात होता. पहिली दोन वर्षे दोघी फॅमिली रूममध्येच बसल्या. मग एका उन्हाळ्यात काकूंना घेरी आली आणि या वेटरनेच त्यांना बाहेर पंख्याखाली आणून बसविले. पुन्हा आत जाण्याचे कारण दोघींपैकी कोणालाच आठवले नाही.

'नेहमीचं' म्हणजे पुरी-भाजी. मला हसू आले. घरी आईच्या पुऱ्यांची ख्याती अशी की लग्नकार्यात तिला मुद्दाम बोलावणे येई. "आई, तू पुरी खायला हॉटेलात येतेस?"

तेवढ्यात ताटली आली. दोनच पुऱ्या, टम्म फुगलेल्या, वाफ कोंडलेली. उरलेल्या दोन मागाहून आणायच्या असा तिचा आणि वेटरचा जुना करार होता. तिने बोटाने पुरीचा पापुद्रा फोडला, वाफ बाहेर येऊ दिली आणि म्हणाली, "अरे, जन्मभर लाटल्या, तळल्या. तळणारणीच्या वाट्याला फुगलेली पुरी कधी येते? तुमचं सगळ्यांचं होईपर्यंत माझ्या पानात चामडं होतं."

मी फळा वाचून दाखविणार होतो. त्याऐवजी मीही पुरी-भाजीच मागविली. खाताना दोघेही फारसे बोललो नाही. पुरी चांगली होती, आईइतकी नव्हे. तसे मी म्हणालोही. त्यावर तिने, "गरम आहे की नाही?" असे विचारले.

बिलाला मी खिशात हात घातला, तर आईने कमरेची पिशवी सोडली. "माझं मी देते. रद्दीचे आहेत."

महिन्याची वर्तमानपत्रे आणि साप्ताहिके ती रद्दीवाल्याला घाली. मी तेव्हा नुकताच लिहू लागलो होतो. माझे पहिले दोन लेख ज्या अंकांत छापून आले, ते अंक मी घरभर शोधीत होतो. ते कुठे गेले हे मला त्या दिवशी कळले. माझ्या साहित्याचे याहून चांगले काही झाले असेल असे वाटत नाही.

"दादांना हे ठाऊक होतं?" परतताना मी विचारले.

"त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या कोटाच्या खिशात फोर्टातल्या इराण्याकडच्या खारीचा चुरा निघायचा, तो मी झटकून टाकायची. मीही कधी विचारलं नाही."

घरी आल्यावर मी वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. वर्तमानपत्राचे बिल दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पैशापैशासह मांडलेले. जमेच्या बाजूला पगार, बोनस, काचेच्या रिकाम्या बाटल्या विकल्याचे पंचवीस पैसेसुद्धा. १९६४ पर्यंत 'रद्दी' हा शब्द दर महिन्याला होता. त्यापुढच्या वह्यांत शेवटच्या पानापर्यंत तो एकदाही आला नाही.