नोटीस वाचणारी पोरं

शाळा आणि समाज : साप्ताहिक सदर
तापीकर

गेल्या हप्त्यात नेपानगरच्या बाजारात एक पोरगा पाहिला. असेल नववी-दहावीचा. मिरचीच्या पोत्यांशेजारी उकिडवा बसून सरकारी नोटीस वाचत होता. भोवती पाच-सहा जाणती माणसं. एक ओळ हिंदीतून वाचायची, मग ती बारेला आदिवासींच्या बारेलीत सांगायची, असं चाललं होतं. ‘अतिक्रमण’ या शब्दाशी तो अडला. बारेली मला जेमतेम कळते, पण त्यानं शेवटी लावलेला अर्थ कळला : आपण जमीन चोरली, असं म्हणतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं कागद घेतला, नीट घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला.

2006च्या वनहक्क कायद्यानं या म्हाताऱ्याच्या शब्दाला किंमत दिली आहे. 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून जमीन कसतो, हे सिद्ध करायला गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. मात्र तो लेखी लागतो. लिहिणार कोण? हेच पोर. शिवाय कलम 4(5) सांगतं की, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हुसकावता येणार नाही. तरीही जुलै 2019मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या सिवल गावात वनखात्याच्या कारवाईत छर्रे सुटले आणि आदिवासी जखमी झाले.

जंगल तुटतंय, हे खरंच आहे आणि ते थांबायलाच हवं. पण 2022-23च्या जंगलतोडीविरुद्ध जागृत आदिवासी दलित संगठनच रस्त्यावर उतरलं होतं, हे आपण सोयीनं विसरतो. त्याच संघटनेचे अंतराम अवासे यांना 2024मध्ये जिल्ह्यातून तडीपार केलं गेलं. उच्च न्यायालयानं जानेवारी 2025मध्ये तो आदेश रद्द केला आणि 50,000 रुपयांचा खर्चही बसवला. आदिवासी पोरानं शाळेत जावं, गणवेश घालावा, 15 ऑगस्टला झेंड्याला सलामी द्यावी, हे सगळ्यांना आवडतं. तोच पोरगा कायद्याचं कलम दाखवू लागला की मात्र ‘याला कुणीतरी भडकवलंय’.

भडकवलं कुणी? शाळेनंच. 1855 साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकत होती. मांगाची पोर, वय अवघं चौदाच्या आसपास. तिनं अक्षर गिरवलं आणि पहिल्यांदा आपल्या माणसांवरचा जुलूमच लिहून काढला. दक्षिण आफ्रिकेत उलटी गोष्ट घडली. 1953च्या बांटू शिक्षण कायद्यानं काळ्या मुलांना हलक्या कामापुरतंच शिकवायचं ठरलं. पुढे निम्मे विषय आफ्रिकान्समधून लादले, तेव्हा 16 जून 1976 रोजी सोवेटोची पोरं शाळेच्या गणवेशातच रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन गेला, तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता.

सोवेटोत भाषा लादली, आपल्याकडे ती नुसती गृहीत धरली. फळ्यावरची हिंदी बारेला लेकराला पहिलीत परकीच असते. ते गप्प बसतं आणि आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणतो. मी हा शब्द शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी जिवाला लागला आहे. आपण मराठी माणसं इथं मराठी शाळांसाठी घटनेतल्या 350-अ कलमाचा दाखला देतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं सांगणारं ते कलम फक्त आपल्यासाठी आहे का? सातपुड्याच्या पलीकडे रावेर-यावलकडं याच बारेलांना पावरा म्हणतात. आणि नर्मदेकाठी धरणविरोधी आंदोलनातून जीवनशाळा उभ्या राहिल्या, तिथल्या पोरांची घोषणाच ‘लडाई-पढाई साथ-साथ’. धरणाखाली जाणाऱ्या गावांतली पोरं होती ती. त्यांना पढाई आणि लढाई वेगळी काढताच आली नसती.

शिक्षक मित्रांनो, जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा दोन गोष्टी करा. पहिलीच्या वर्गात आठवड्यातून एक दिवस तरी फाल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एखाद्या आईला बारेलीतून गोष्ट सांगायला बोलवा. आणि नववी-दहावीच्या मुलांना पत्रलेखन शिकवताना मामाला पाठवायच्या पत्राबरोबर वनहक्काचा दावा आणि ग्रामसभेचा ठरावही लिहायला शिकवा.